ज्या देशातून लोक पळून जात होते

विहाराचा वर्धापनदिन आला, स्मरणिका निघणार आहे, तुम्हीही चार पानं लिहा, असं समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं. दरवर्षी आम्ही वस्तीच्या नाहीतर चळवळीच्या आठवणी लिहितो. यंदा विषय जरा लांबचा घेतला आहे. कारणही तसंच घडलं.

समोरच्या चाळीतला एक मुलगा. इंजिनियर झाला, पुण्याच्या कारखान्यात लागला, आणि आता त्याला स्वीडन देशातून नोकरीचं बोलावणं आलं. घरात आनंद झाला, पेढे वाटले. पण दोन दिवसांनी त्याची आई संध्याकाळी आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही वाचता-बिचता. त्या देशात सगळे सारखे असतात म्हणे, गरीब-श्रीमंत नाही. खरं का? आणि तिकडं जात विचारत नाहीत ना?"

आम्ही म्हणालो, वाचून सांगतो. वाचनालयात बसलो, एक-दोन जाणत्या माणसांना विचारलं, आणि बघता बघता वाचन लांबत गेलं. आम्ही काही स्वीडन पाहिलेला नाही. आमचा जन्म गिरणगावातला. वडील साचा खात्यात होते. आम्हीही बदली म्हणून लागलो आणि गिरणीला टाळं लागलं तोवर त्याच भोंग्यावर उठलो. तेव्हा हा लेख एका गिरणी कामगारानं केलेलं वाचन आहे, एवढं समजून वाचकांनी वाचावा.

आपल्याकडे स्वीडन म्हटलं की लोकांना बर्फ, नोबेल आणि स्वच्छ रस्ते आठवतात. दवाखाना नाममात्र पैशात, शाळा फुकट, बाळ झालं की आईबापांना मिळून ४८० दिवसांची भरपाई-रजा, आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकानं स्वतःच घ्यायचे, एकमेकांना देता येत नाहीत. म्हणजे बापानं पोर सांभाळायचंच. हे सगळं खरं आहे. लोकांना वाटतं हा देश पहिल्यापासूनच असा, गोऱ्या लोकांचा, श्रीमंत. हे मात्र साफ खोटं आहे.

दीडशे वर्षांपूर्वी स्वीडन युरोपातल्या अगदी गरीब देशांपैकी एक होता. १८६७ साली उत्तरेकडे उन्हाळाच आला नाही, जूनपर्यंत बर्फ राहिलं, पीक बुडालं. पुढच्या वर्षी उलट झालं, पाऊस नाही. लोकांनी झाडाची साल दळून पिठात मिसळली आणि भाकऱ्या केल्या. दगडफूल पिठात घाला असा सल्ला सरकारी माणसं देत होती. आमच्या आजीनं दुष्काळात घायपाताचे कंद नि तरवट्याचा पाला खाल्ल्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या इथं आठवल्या. भूक सगळ्या मुलखांत सारखीच दिसते.

तेव्हा लोक निघाले. १८५० ते १९३० या काळात सुमारे १३ लाख माणसं अमेरिकेला गेली. १९०० साली साऱ्या देशाची लोकसंख्या ५१ लाखांच्या आसपास होती, यावरून अंदाज करा. गोथेनबर्गच्या बंदरातून बोटीनं इंग्लंडात हलला, तिथून रेल्वेनं लिव्हरपूलला आणि तिथून न्यूयॉर्कला. शिकागोत इतके स्वीडिश झाले, की स्टॉकहोमच्या खालोखाल हेच स्वीडिश लोकांचं शहर असं म्हणत असत. आज आपण ज्या देशात जायला धडपडतो, तिथून पळून जायला हे लोक धडपडत होते.

आणि ते नुसत्या भुकेपायी गेले नाहीत. अमेरिकेहून गावाकडे जी पत्रं यायची त्यात मजुरीचा आकडा असायचाच, पण आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा असायची. इथं मोठ्या माणसापुढं टोपी काढून उभं राहावं लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्यांच्यापुढं जोहार घातले, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

टोपी काढणं कुठून आलं ते पाहू. १८६६ पर्यंत त्या देशाच्या संसदेत चार वर्ग होते. सरदार, धर्मगुरू, व्यापारी-नागरिक आणि जमीनधारक शेतकरी. चार! आम्ही वाचताना हसलो. अर्थात इस्टेट म्हणजे जात नव्हे. तिथं शिवाशिव नव्हती, पाणवठे वेगळे नव्हते, आणि माणूस वर्ग बदलू शकत होता. हा फरक लहान नाही, तो विसरून चालणार नाही. पण जो भूमिहीन होता, जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, तो या चारांपैकी कशातच नव्हता. तो बाहेरचा. १८६६ साली चार वर्गांची संसद मोडली आणि दोन सभागृहं आली, पण मत मिळवायला मालमत्ता किंवा मिळकत लागायची. शंभरातल्या पाच-सहा माणसांनाच खालच्या सभागृहासाठी मत होतं. गावच्या कारभारात तर आणखी मजा. जेवढा कर तेवढी मतं. १८७१ साली ५४ गावं अशी होती, की तिथं एकट्या माणसाकडे निम्म्याहून जास्त मतं होती. गावची निवडणूक म्हणजे त्यानं आरशात बघून हात वर करायचा. कंपन्यांनासुद्धा मतं होती.

शेतावरच्या गड्यांना 'स्तातारे' म्हणत. मोठ्या जमीनदाराकडे लग्न झालेला गडी सालानं राहायचा. मजुरी बहुतेक धान्य, दूध, सरपण अशी जिनसांत. राहायला एक खोली. ऑक्टोबरच्या शेवटी साल संपायचं. त्या एका आठवड्यात बिऱ्हाड गाडीवर टाकून दुसरा मालक शोधायचा, तो बरा निघेल या आशेवर. बायकोला मालकाच्या गाईंचं दूध काढावंच लागायचं, दिवसातून दोन-तीन वेळा, आजारी असो, पोटुशी असो. या कामाला लोकांनी नाव ठेवलं होतं 'पांढरा चाबूक'. ही सालदारकी बंद झाली १९४५ साली. फार जुनी गोष्ट नाही. आजही तिथं अशी म्हातारी माणसं आहेत, ज्यांचं बाळपण त्या खोलीत गेलं.

आणखी एक प्रथा वाचून आमच्या अंगावर काटा आला. गावातली अनाथ पोरं आणि निराधार म्हातारे यांचा लिलाव व्हायचा. हा लिलाव उलटा असायचा. जो गावाकडून सर्वांत कमी पैसे घेऊन सांभाळायला तयार, त्याच्या हाती पोर. कमी पैशात पोर म्हणजे कामाला जुंपायला पोर. १९१८ च्या गरीब-कायद्यानं हे बंद केलं. हॅरी मार्टिनसन नावाचा लेखक असाच गावानं परक्या घरी ठेवलेला मुलगा. बाप मेला, आई पोरांना टाकून अमेरिकेला निघून गेली. हा पुढं बोटीवर खलाशी झाला, भटकला, आणि लिहू लागला. त्याचा समकालीन आयविंद योन्सन चौदाव्या वर्षापासून लाकडाच्या वखारीत नि मिळेल त्या कामावर राबलेला. १९७४ चं साहित्याचं नोबेल या दोघांना मिळून दिलं. इव्हार लू-योहान्सन हा स्तातारेचा मुलगा, शिक्षण आपलं आपण केलेलं. त्यानं आपल्या आईबापांच्या त्या एका खोलीवर इतकं लिहिलं, की ती प्रथा मोडायला त्याच्या पुस्तकांचा हातभार लागला असं तिथले लोक मानतात. आपल्याकडच्या दलित साहित्याशी परिचय असणाऱ्यांनी ही तीन नावं लक्षात ठेवावीत.

असो. आता मुद्द्याचं. हा असा देश बदलला कसा?

सरकारला आधी काळजी वाटली ती माणसं निघून जाण्याची. १९०७ मध्ये चौकशी नेमली, ती १९१३ पर्यंत चालली, २१ खंड निघाले. अमेरिकेला गेलेल्यांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही का गेलात? उत्तरं आली आणि ती छापली. जमीन नाही, मत नाही, सैन्यातली सक्ती, वरच्यांची मिजास. आम्हाला या सरकारचं एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. गेलेल्यांना गद्दार म्हणून सोडून दिलं नाही, विचारलं तरी.

पण सरकारनं विचारलं म्हणून कुठं काही मिळत नाही. मिळालं ते संघटनेनं, आणि संघटना पहिल्यांदा हरल्या. १८७९ साली सुंद्सवाल इथं लाकूड-गिरण्यांच्या पाचेक हजार कामगारांनी मजुरी कापली म्हणून काम बंद केलं, तर सैन्य आलं आणि समुद्रात तोफांच्या बोटी उभ्या केल्या. कामगार माळावर जमून प्रार्थना म्हणत होते. संप मोडला. १८८१ ला ऑगस्ट पाल्म नावाच्या शिंप्यानं माल्म शहरात समाजवादावर पहिलं भाषण केलं. १८८९ ला सोशल डेमोक्रॅट पक्ष निघाला, १८९८ ला सगळ्या युनियन्सची मिळून 'एल.ओ.' ही मध्यवर्ती संघटना.

आणि मग १९०९ चा मोठा संप. ऑगस्टात सुरू झाला. सुमारे ३ लाख कामगार बाहेर पडले. मालकांनी टाळेबंदी केली होती, त्याला उत्तर म्हणून हा संप. महिनाभरात पैसे संपले, उपासमार झाली, लोक परत कामावर जायला लागले. संप हरला. एल.ओ.चे सभासद निम्म्यावर आले. कित्येकांची नावं काळ्या यादीत गेली आणि ते अमेरिकेच्या बोटीत चढले.

इथं आम्ही पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ बसून राहिलो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत जो संप सुरू झाला त्यात अडीच लाख गिरणी कामगार होते. आमचे वडील त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो तसाच विरून गेला आणि त्याबरोबर घरंही विरली. कुणी गावाला गेलं, कुणी भाजीची पाटी घेतली. ३ लाख आणि अडीच लाख. तेही हरले, आपणही हरलो. मग पुढं त्यांचं काय झालं आणि आपलं काय झालं, हा प्रश्न आम्हाला त्या रात्री झोपू देईना.

त्यांनी पुढं जे केलं ते दिसायला फार साधं होतं. ते वाचायला बसले. दारूबंदीवाल्यांच्या चळवळीत ऑस्कर ओल्सन नावाच्या शिक्षकानं १९०२ मध्ये लुंद गावात एक पद्धत सुरू केली होती, अभ्यास-मंडळ. आठ-दहा माणसं, एक पुस्तक, एक दिवा, कॉफीची किटली. मास्तर नाही. एकानं वाचायचं, सगळ्यांनी बोलायचं, मंडळाची पुस्तकं पुढं गावच्या वाचनालयात जमा करायची. संप हरल्यावर तीनच वर्षांनी, १९१२ साली, कामगारांनी स्वतःची शिक्षण संस्था काढली, ए.बी.एफ. तिचा कर्ता रिकार्ड सांडलर पुढं देशाचा पंतप्रधान झाला. ही संस्था आजही चालू आहे. गावोगावी 'लोकगृह' म्हणून सभागृहं कामगारांनी वर्गणीतून बांधली, कारण सभेला जागा कुणी द्यायचं नाही. त्या सभागृहांत लोक ठराव मांडायला शिकले, हिशेब ठेवायला शिकले, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायला शिकले. (ही शेवटची गोष्ट आपल्या वस्तीच्या बैठकांत अजून शिकायची आहे, हे आम्ही स्वतःला धरून म्हणतो.)

मताचा हक्क पुरुषांना १९०९ ला मिळाला, पण गावच्या मतात पैशाचं वजन राहिलंच. ते गेलं १९१८ नंतर. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९२१ साली आणि पाच बायका संसदेत गेल्या. तरीही गरीब-मदत घेणाऱ्याला मत नव्हतं. ते १९४५ ला मिळालं.

पुढं आणखी एकदा रक्त सांडलं. १४ मे १९३१. उत्तरेकडे ओदालेन खोऱ्यात संप चालू होता, मालकांनी बाहेरून माणसं आणून काम सुरू केलं, त्याविरुद्ध मोर्चा निघाला आणि सैन्यानं गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्यातली एक विशीतली मुलगी, ती मोर्चातही नव्हती, बघत उभी होती. देश हादरला. पुढच्याच वर्षी, १९३२ ला, सोशल डेमोक्रॅट सत्तेवर आले आणि मधले १९३६ चे थोडे महिने सोडले तर १९७६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४४ वर्षं, त्यांचाच पंतप्रधान राहिला.

पहिला मोठा पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन. गवंड्याचा मुलगा, चार वर्षं शाळा आणि मग दुकानात निरोप्या पोऱ्या. १९२८ साली संसदेत त्यानं 'फोल्कहेम', म्हणजे लोकांचं घर, ही कल्पना मांडली. देश घरासारखा असावा, आणि चांगल्या घरात लाडकं पोर आणि सावत्र पोर असा भेद नसतो, असा त्याचा अर्थ. ऐकायला गोड आहे. पण त्यानं नुसतं भाषण केलं नाही. १९३३ ला शेतकऱ्यांच्या पक्षाशी करार केला. तुमच्या धान्या-दुधाला भाव, आमच्या बेकारांना पुऱ्या मजुरीचं काम. लोक या कराराला हेटाळणीनं 'गाईचा बाजार' म्हणाले. आमच्या मते या गाईच्या बाजारातच सगळं आलं. कामगार आणि शेतकरी एकत्र आले तर मालकाला कुणाला कुणावर सोडता येत नाही.

१९३८ च्या २० डिसेंबरला साल्टशोबादेन या गावी एल.ओ. आणि मालकांची संघटना यांच्यात करार झाला. भांडणं आपण आपसांत टेबलावर मिटवू, सरकारनं कायदा करून संपाचा हक्क काढू नये. आता त्याच वर्षाची मुंबई आठवा. ७ नोव्हेंबर १९३८. संपावर बंधन घालणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, गिरण्या बंद राहिल्या. सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन ठिकाणी एकच प्रश्न होता, संपाचा हक्क कुणाचा. तिथं कामगार सत्तेत होता म्हणून मालक टेबलाशी आला. इथं बिल पास झालं.

आणि एक गोष्ट आम्ही दडवणार नाही. आपल्या गिरण्यांत साचा खात्यात आपल्या माणसांना शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, मग बाटतो म्हणे. युनियनचे पुढारी गप्प. हे बाबासाहेबांनी चव्हाट्यावर मांडलं. ज्या युनियनमध्ये शेजारच्या साच्यावर दलित नको, ती युनियन लोकांचं घर कसं बांधणार? स्वीडनच्या कामगारात भांडणं होती, पण शेजारच्याचा धागा बाटत नव्हता. त्या देशाचं काम आपल्यापेक्षा सोपं होतं, हेही कबूल करायला हवं.

आता गिरण्यांचं. हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगणार आहोत.

नॉरशॉपिंग म्हणून एक शहर आहे. नदीच्या धबधब्याकाठी गिरण्याच गिरण्या. त्याला स्वीडनचं मँचेस्टर म्हणायचे, जसं आपल्या मुंबईला पूर्वेचं मँचेस्टर म्हणायचे. नदीच्या मधोमध बेटावर १९१७ साली बांधलेली एक विणाई गिरणी आहे, सात कोनांची, इस्त्रीच्या आकाराची, म्हणून तिचं नावच 'इस्त्री'. ती १९६२ साली बंद झाली. १९७० च्या आसपास त्या शहरातल्या मोठ्या गिरण्या संपल्याच. म्हणजे समतेच्या देशातही गिरण्या बंद पडल्या, आणि मुंबईच्या आधी पडल्या!

पण कशा पडल्या ते पाहा. एल.ओ.चे दोन अर्थतज्ज्ञ, यॉस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर. माइडनर हा हिटलरच्या भीतीनं १९३३ ला जर्मनीतून पळून आलेला ज्यू तरुण. परक्या देशातून आलेल्यानं त्या देशाचा पाया घातला, हेही परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावं. या दोघांनी १९५१ च्या एल.ओ. अधिवेशनात मांडणी केली. एकाच कामाला एकच मजुरी, मग कंपनी फायद्यात असो की तोट्यात. ज्या गिरणीला कमी मजुरी दिल्याशिवाय जगताच येत नाही तिनं बंद व्हावं. कामगार संघटना स्वतः म्हणते आहे की गिरणी बंद होऊ दे! आम्ही दोनदा वाचलं.

पण पुढची अट अशी, की गिरणी मेली तरी कामगार मरता कामा नये. १९४८ पासून सरकारी कामगार-बाजार मंडळ होतं. गिरणी बंद होणार हे आधी कळवायचं, कामगाराला नवा हुन्नर शिकवायचा, शिकताना भत्ता द्यायचा, दुसऱ्या गावी काम असेल तर सामान हलवायचा खर्च द्यायचा. १९६० च्या दशकात बेकारी दोन-तीन टक्क्यांच्या आत राहिली ती अशी. याचा त्रासही झाला. उत्तरेची खेडी ओस पडली. मंडळाच्या नावाची अक्षरं ए.एम.एस., तर उत्तरेचे लोक त्याचा अर्थ करायचे, 'सगळ्यांनी दक्षिणेला चला'. पन्नाशीतल्या विणकर बाईला कसला नवा हुन्नर? तिनं सोसलंच. पण ती घराबाहेर फेकली गेली नाही, तिच्या मुलाची शाळा सुटली नाही, तिचं म्हातारपणचं पेन्शन गेलं नाही.

त्या 'इस्त्री' गिरणीत १९९१ पासून कामाचं संग्रहालय आहे. त्यात एका कामगार बाईची कहाणी मांडली आहे. १९२७ ला ती लागली आणि गिरणी बंद होईपर्यंत ३५ वर्षं तिथंच राबली. राजाची नाही, मालकाची नाही, एका गिरणी कामगार बाईची. आमच्या गिरणीच्या जागी आज टॉवर उभा आहे आणि त्याच्या फाटकावरचा रखवालदार आम्हाला आत काय काम म्हणून विचारतो.

१९४८ ला सर्वांना पेन्शन आणि प्रत्येक पोरामागे भत्ता, १९५५ ला आरोग्य विमा, १९६२ ला सगळ्यांना एकच नऊ वर्षांची शाळा, १९७४ ला आईबाप दोघांना बाळंतपणाची भरपाई-रजा. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लाख घरं बांधली, तेही ८० लाख वस्तीच्या देशात. श्रीमंतालाही पोराचा भत्ता मिळतो, यावर आमचे एक मित्र चिडले. पण त्यातच खुबी आहे. गरिबासाठी वेगळी रांग केली की त्या रांगेत उभं राहायची लाज वाटते, आणि रांगेत नसलेला कर द्यायला कुरकुरतो.

आणि एक गंमत. पूर्वी त्या देशात माणसाला सरळ बोलवत नसत. 'इंजिनियर साहेब बसतील का', 'डॉक्टर साहेब कॉफी घेतील का', असं पदवी लावून बोलायचं. ज्याला पदवी नाही त्याची पंचाईत. १९६७ साली आरोग्य खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यानं, ब्रोर रेक्सेदनं, जाहीर केलं की मी सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार. थोड्या वर्षांत सारा देश 'तू'वर आला. शिपाई साहेबाला तू, रोगी डॉक्टरला तू. आम्हाला हे पचायला वेळ लागला. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी अरे-तुरे केलं, आपण मिळवला तो 'अहो' आणि 'साहेब'. नावापुढं 'राव' लागला तेव्हा बापाला बरं वाटलं. त्यांनी वरच्यांना खाली 'तू'वर आणलं, आपण खालच्यांना वर 'अहो'वर नेलं. दोन्हींचा जाब एकच आहे की नाही, हा वाद आमच्या कट्ट्यावर अजून चालू आहे.

आता काळी बाजू. ती सांगितली नाही तर त्या माऊलीला आम्ही फसवलं असं होईल.

ज्या देशानं 'लोकांचं घर' म्हटलं, त्यानंच १९२२ ला उपसाला शहरात वंश-जीवशास्त्राची सरकारी संस्था काढली, जगातली पहिली. उत्तरेच्या सामी आदिवासींची डोकी मोजली, कपडे काढायला लावून फोटो काढले, कबरींतली हाडं गोळा केली. ल्युक्सेले गावी २०१९ साली २५ सामी पूर्वजांचे अवशेष पुन्हा पुरले. रोमा, म्हणजे भटके-विमुक्त म्हणा, त्यांना १९१४ ते १९५४ देशात यायलाच बंदी. त्यांची पाळं भारतातच आहेत. १९३५ पासून १९७५ पर्यंत नसबंदीचे कायदे होते. सुमारे ६३ हजार माणसांची नसबंदी झाली, बहुतेक बायका, आणि त्यातल्या पुष्कळ सक्तीनं नाहीतर दबावानं. भरपाईचा कायदा झाला १९९९ ला.

यात आम्हाला सर्वांत जास्त सलतं ते मिर्डाल पतिपत्नीचं. गुन्नार मिर्डाल यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर १९४४ साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९५४ साली शाळांतला वर्णभेद रद्द करताना तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याचा आधार दिला. आल्व्हा मिर्डाल १९५५ पासून १९६१ पर्यंत भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी त्या भारतातच नेमणुकीवर होत्या. पुढं त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. एवढी मोठी माणसं, पण १९३४ च्या त्यांच्या पुस्तकात या नसबंदीची तरफदारी आहे. घर चांगलं करायचं म्हणून घरातली 'नको ती' माणसं कमी करायची. कुणाच्याही पायाशी डोळे मिटून बसू नये ते यासाठी.

आजचा स्वीडनही तो राहिलेला नाही. १९९० च्या सुरुवातीला मोठी मंदी आली, नोकऱ्या गेल्या. वारसा-कर २००४ ला गेला, संपत्ती-कर २००७ ला. अब्जाधीश वाढले. शाळांत नफ्याच्या कंपन्या शिरल्या. ती जी दहा लाख घरं बांधली, त्यातल्या कित्येक वस्त्यांत आज परदेशातून आलेलेच लोक राहतात. नाव परकं दिसलं तर मुलाखतीचं बोलावणं कमी येतं, हे तिथल्याच संशोधकांनी खोट्या नावांनी अर्ज पाठवून तपासलेलं आहे. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून विद्यापीठाची फी भरावी लागते. आधी सगळ्यांना फुकट होतं. 'तिकडं शिक्षण फुकट' असं सांगून पैसे उकळणारे एजंट फिरतात, त्यांच्यापासून वस्तीतल्या आईबापांनी सावध राहावं.

एवढं झाल्यावर आम्ही त्या आईकडे गेलो. मुलगाही घरी होता. सांगितलं, बाई, गोरा माणूस जात विचारणार नाही, त्याला ती ठाऊक नाही. तो रंग बघेल. जात विचारली तर आपलाच कुणी भारतीय विचारेल, आडनाव काय, गाव कुठलं असं गोल फिरून. अमेरिकेत सिॲटल शहरानं २०२३ साली जातिभेदावर बंदी घातली ती उगाच नाही. स्वीडनच्या भेदभाव-विरोधी कायद्यात सात कारणं लिहिली आहेत, वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे, पण जात हा शब्द वेगळा नाही.

मुलाला म्हणालो, तिथं किमान वेतनाचा कायदा नाही हे तुला माहीत आहे का? तो चकित झाला. मजुरी ठरते युनियनच्या करारानं. म्हणून तर आजही दहातले साधारण सात कामगार युनियनचे सभासद आहेत. तेव्हा पोहोचल्या पोहोचल्या, घर मिळायच्या आधी, युनियनचं कार्ड काढ. करार वाच. समजला नाही तर संध्याकाळी अभ्यास-मंडळात जा, तिथं भाषाही शिकवतात. तो हसला, "काका, मी इंजिनियर आहे, युनियन कशाला?" आम्ही म्हणालो, तिथं इंजिनियरांचीही असते.

आई एवढा वेळ ऐकत होती. तिनं शेवटी एकच विचारलं, "सुट्टी किती देतात?"

वर्षाला २५ दिवस, कायद्यानं, भरपगारी. १९३८ ला दोन आठवड्यांपासून सुरू झाली आणि १९७८ पासून पाच आठवडे.

तिनं बोटांवर मोजलं. जायला-यायला चार दिवस धरले, गावाकडे आजीला भेटायला तीन धरले. म्हणाली, "मग १४ एप्रिलला येईल."